हॅमिल्टन–जेफरसन वैर

अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि पहिला परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांच्यातील राजकीय संघर्ष. हॅमिल्टन सप्टेंबर १७८९ ते जानेवारी १७९५ आणि जेफरसन मार्च १७९० ते डिसेंबर १७९३ या काळात जॉर्ज वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात होते. शेतकऱ्यांचा कैवारी विरुद्ध सावकारांचा माणूस अशी या वैराची मांडणी नेहमी केली जाते. ती फसवी आहे. जेफरसन शेकडो गुलामांचा मालक असलेला जमीनदार होता आणि आयुष्याचा बराच काळ कर्जात होता. हॅमिल्टन वेस्ट इंडीजमधून आलेला, वडिलोपार्जित काहीही नसलेला वकील होता. प्रत्यक्ष भांडण झाले ते कर्जरोख्यांच्या व्याजावरून, बँकेच्या सनदेवरून आणि घटनेतल्या एका शब्दावरून.

पहिली ठिणगी कर्जाची. जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टनने काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) सादर केलेल्या अहवालानुसार मध्यवर्ती सरकारचे देणे सुमारे ५.४ कोटी डॉलर होते. राज्यांचे देणे त्याने आणखी सुमारे २.५ कोटी धरले. जुने रोखे दर्शनी किमतीला नव्या रोख्यांत बदलून द्यायचे आणि राज्यांचे कर्जही मध्यवर्ती सरकारने उचलायचे, अशी त्याची योजना होती. ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्यानुसार १०० डॉलर मुद्दलाच्या जुन्या रोख्याबद्दल ६६.६७ डॉलरचा सहा टक्क्यांचा रोखा लगेच मिळे. उरलेल्या ३३.३३ डॉलरच्या रोख्यावर व्याज सुरू होणार होते १८०१ पासून. म्हणजे पहिली दहा वर्षे धनकोच्या हाती वर्षाला ४ डॉलर, त्यानंतर ६. थकीत व्याजाचे रोखे वेगळे, तीन टक्क्यांचे. व्याजाचा भार असा पुढे ढकलल्यामुळेच रिकाम्या तिजोरीला ही योजना झेपली.

आक्षेप होता तो पैसा कोणाच्या खिशात जाणार यावर. युद्धात पगाराऐवजी मिळालेले कागद अनेक सैनिकांनी अडचणीपोटी सट्टेबाजांना मातीमोल भावाने विकून टाकले होते. मूळ धारकालाही वाटा द्यावा, ही व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याची सूचना प्रतिनिधिगृहाने ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली. पण राज्यांचे कर्ज उचलण्याचा प्रस्तावही एप्रिलमध्ये ३१–२९ ने पडला. बरेचसे कर्ज फेडून बसलेल्या व्हर्जिनियाला मॅसॅच्युसेट्सचे ओझे नको होते.

जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेडन लेनवरील भाड्याच्या घरी जेफरसनने हॅमिल्टन आणि मॅडिसन यांना जेवायला बोलावले, आणि राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची व त्या बदल्यात कर्जाला वाट करून द्यायची असे तिथे ठरले, असे सांगतात. या जेवणाचा तपशीलवार वृत्तांत आहे तो एकट्या जेफरसनचा, आणि तोही नंतर लिहिलेला. राजधानीचा सौदा पेनसिल्व्हेनियाच्या सदस्यांशी आधीपासूनच चालू होता. त्यामुळे एका पंगतीत देशाचे भवितव्य ठरले हे जरा जपूनच मानावे. जुलैमध्ये व्हर्जिनिया आणि मेरिलँडच्या चार सदस्यांनी मत फिरवले आणि प्रस्ताव ३४–२८ ने मंजूर झाला, एवढे नक्की. कायद्यात मॅसॅच्युसेट्स व साउथ कॅरोलायनाला प्रत्येकी ४० लाख, तर व्हर्जिनियाला ३५ लाख डॉलर मिळाले. हॅमिल्टनने आपल्याला फसवून हत्यारासारखे वापरले, अशी तक्रार जेफरसनने दोन वर्षांनी वॉशिंग्टनकडे केली.

बँकेच्या वेळी असली देवघेव शक्य नव्हती. हॅमिल्टनने सुचवलेल्या राष्ट्रीय बँकेचे भांडवल १ कोटी डॉलर, भाग (शेअर) ४०० डॉलरचा एक असे २५,०००, सनद २० वर्षांची. एक पंचमांश भांडवल सरकारचे. खासगी भागधारकाने एका भागामागे १०० डॉलर सोन्याचांदीच्या नाण्यांत आणि ३०० डॉलर सरकारी रोख्यांत भरायचे. मेख इथेच होती: भाग हवा तर रोखे हवेत, म्हणून रोख्यांचा भाव आपोआप वर राही.

काँग्रेसने विधेयक मंजूर केले, पण वॉशिंग्टनने सही करण्याआधी मते मागवली. बँक काढण्याचा अधिकार घटनेत कुठेच लिहिलेला नव्हता. दिलेले अधिकार राबवण्यासाठी ‘आवश्यक आणि उचित’ कायदे करता येतील, एवढेच कलम होते. १५ फेब्रुवारी १७९१ च्या टिपणात जेफरसनने ‘आवश्यक’ हा शब्द पकडून ठेवला: जिच्यावाचून अधिकार राबवताच येत नाही तीच गोष्ट आवश्यक, कर बँकेशिवायही गोळा होतात, म्हणून बँक फक्त सोयीची. हॅमिल्टनने २३ तारखेला कितीतरी लांब उत्तर दिले. आवश्यक म्हणजे उपयोगी, साध्याला पूरक. साध्य घटनेत बसत असेल आणि साधनाला घटनेची मनाई नसेल तर ते साधन वैध. २५ तारखेला सही झाली. वकिली कसब पाहिले तर हॅमिल्टनचे टिपण सरस आहे, आणि १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेविषयीच्याच मॅककुलक खटल्यात तोच अर्थ स्वीकारला. पण जेफरसनची भीती पोकळ नव्हती. जुलै १७९१ मध्ये २५ डॉलर भरून मिळालेल्या भागपावत्यांचा भाव ऑगस्टमध्ये तीनशेच्या आसपास गेला आणि लगेच कोसळला.

यानंतर भांडण छापखान्यात शिरले. जॉन फेनोच्या ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ला अर्थखात्याचे छपाईचे काम मिळे. जेफरसनने कवी फिलिप फ्रेनोला परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलरवर अनुवादक नेमले, आणि ऑक्टोबर १७९१ मध्ये सुरू झालेले फ्रेनोचे ‘नॅशनल गॅझेट’ हॅमिल्टनवर तुटून पडले. सरकारी पगारावर सरकारविरोधी पत्र चालते, हे हॅमिल्टनने टोपणनावाने छापून आणले. ऑगस्ट १७९२ मध्ये वॉशिंग्टनने दोघांना समजुतीची पत्रे लिहिली. दोघांनीही ९ सप्टेंबरला उत्तरे दिली, दोघांनीही आगळिकीचा दोष दुसऱ्यावर ढकलला.

१८०० च्या निवडणुकीत वैराला अनपेक्षित वळण मिळाले. अध्यक्ष निवडणाऱ्या प्रत्येक निर्वाचकाने दोन नावांना मत द्यायचे, पण अध्यक्ष कोण आणि उपाध्यक्ष कोण हे वेगळे नोंदवायची सोय नव्हती. हॅमिल्टनच्या फेडरॅलिस्ट पक्षाने एक मत जॉन जे याच्याकडे वळवून आपल्या दोन उमेदवारांपैकी अ‍ॅडम्सला ६५ आणि पिंक्नीला ६४ असा फरक ठेवला. जेफरसनच्या पक्षाकडून ही खबरदारी राहून गेली. तो आणि त्याचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार ॲरन बर दोघांनाही ७३ मते पडली. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, जिथे १६ राज्यांना प्रत्येकी एक मत होते आणि ९ लागत होती. ११ फेब्रुवारी १८०१ पासून ३५ फेऱ्या ८–६ वर अडल्या. दोन राज्यांचे सदस्य समसमान फुटलेले. हॅमिल्टन डिसेंबरपासूनच आपल्या लोकांना पत्रे लिहीत होता: जेफरसन चुकीच्या विचारांचा का होईना पण विचार असलेला माणूस आहे, बरला सत्तेपलीकडे काही नाही. बहुतेक फेडरॅलिस्टांनी त्याचे ऐकले नाही. १७ तारखेला डेलावेअरचा एकमेव सदस्य जेम्स बेयर्ड याने माघार घेतल्यावर कोंडी फुटली आणि ३६व्या फेरीत जेफरसन १०–४ ने निवडून आला. हॅमिल्टनची पत्रे निर्णायक ठरली असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी वेगळी मते आणली. त्याच वर्षी ११ जुलैला वीहॉकेन येथील द्वंद्वात बरची गोळी लागून दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन वारला.

अध्यक्ष जेफरसनने १८०२ मध्ये दारूवरील अबकारी कर रद्द केला. कर्ज १८०१ मधल्या ८.३ कोटींवरून १८०९ पर्यंत ५.७ कोटींवर आले, तेही मध्ये लुइझियाना १.५ कोटींना विकत घेऊन. त्यातले १.१२५ कोटी सहा टक्क्यांच्या रोख्यांनी चुकते झाले, म्हणजे हॅमिल्टनने बसवलेली सरकारची पत वापरूनच. बँकेला त्याने हात लावला नाही. १८११ मध्ये सनद संपली, तेव्हा मुदतवाढ प्रतिनिधिगृहात एका मताने हुकली आणि सिनेटमध्ये १७–१७ झाल्यावर उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या निर्णायक मताने बुडाली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध पेटले आणि सरकारला कर्ज उभारणे जड गेले. १८१६ मध्ये ३.५ कोटी डॉलर भांडवलाच्या, पुन्हा २० वर्षांच्या सनदेच्या आणि एक पंचमांश सरकारी भागाच्या दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर सही केली ती अध्यक्ष मॅडिसनने, ज्याने १७९१ मध्ये पहिल्या बँकेला घटनाबाह्य ठरवून विरोध केला होता.