रीसेट झालेला नॅस आणि जोडीची दुसरी डिस्क

जून २०२१ मध्ये, २३-२४ तारखेच्या सुमारास, जगभरातल्या अनेक घरांत एकच प्रकार घडला. वेस्टर्न डिजिटलचा 'माय बुक लाइव्ह' हा नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, म्हणजेच नॅस, चालू होता, पण आत काहीच नव्हतं. वर्षानुवर्षांचे फोटो गायब. इंटरनेटवरून कुणीतरी या डब्यांना फॅक्टरी रीसेटचा हुकूम सोडला होता आणि डब्यांनी पासवर्ड न विचारता तो पाळला. २०११ मधल्या एका फेरबदलात पासवर्डची जुनी तपासणी बंद केली गेली आणि नवी जोडायची राहून गेली होती. या मॉडेलला शेवटचं अपडेट मिळालं होतं २०१५ मध्ये.

यात 'ड्युओ' हे दोन डिस्कचं मॉडेलही होतं. मिररिंग (दोन्ही डिस्कवर तंतोतंत तेच ठेवणं) लावून निर्धास्त बसलेल्यांच्या दोन्ही डिस्क एकदमच रिकाम्या झाल्या. यात नवल नाही, कारण मिररिंगचं कामच तेवढं आहे. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात 'रेड' ही अनेक डिस्क एकत्र वापरण्याची कल्पना मांडली, तेव्हा प्रश्न होता डिस्क बिघडण्याचा. मिररिंगला त्यांनी पहिली पातळी म्हटलं: जे लिहायचं ते दोन्हीकडे लिहायचं. मग 'लिहायचं' यात 'पुसून टाक' हेही आलंच. नॅस विकताना ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

आता रीसेटनं नेमकं काय होतं? बऱ्याच नॅसवर मागचं बारीक बटण काही सेकंद दाबलं, तर फक्त पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग्ज मूळपदावर येतात. फायलींना धक्का लागत नाही. 'सगळा डेटा पुसा' हा पर्याय निवडला तर डिस्कवर नवी फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याचा नकाशा ठेवणारी मांडणी, बसते. तिथेही अनेकदा खरे फोटो जागेवरच असतात, जातो तो त्यांचा नकाशा. सातबारा फाडला म्हणून शेत नाहीसं होत नाही, तसंच.

त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाऊ नये म्हणून पहिलं काम म्हणजे डबा बंद करणं. त्यातही एका प्रसंगी फार जपायला हवं. समजा, रीसेटच्या आधीच एक डिस्क बाहेर काढून ठेवली होती. ती सोन्यासारखी. पण ती परत डब्यात सरकवली, की नॅसला ती परकी वाटते. रीसेटनंतर जोडीला नवा ओळख क्रमांक मिळालेला असतो, जुन्या डिस्कवर जुनाच. स्क्रीनवर 'दुरुस्त करायचं का?' असं काहीतरी येतं, आपण 'हो' म्हणतो आणि रिकाम्या डिस्कची हुबेहूब नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरू लागते. ४ टीबीच्या डिस्कला, सेकंदाला १५० एमबी या वेगानं, साडेसात तास लागतात. नक्कल सुरुवातीपासून क्रमानं पुढे सरकते, म्हणून पंधराव्या मिनिटाला प्लग ओढला तर १३५ जीबीच्या आसपास गेलेलं असतं आणि पुढचं शाबूत असतं.

अशी डिस्क विंडोजच्या पीसीला लावली की तो ती फॉरमॅट करायला सुचवतो. नाही म्हणायचं. घरगुती नॅस बहुधा लिनक्सवर चालतात आणि त्यांची एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लिनक्सवर 'एमडीएडीएम' हे साधन एकट्या डिस्कलाही अर्धी जोडी म्हणून उभं करतं. इथे एक खाच आहे: एक्स्ट४ 'फक्त वाचण्यासाठी' जोडली तरी ती आपलं जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) पूर्ण करायला डिस्कवर लिहू शकते. म्हणून आधी 'डीडीरेस्क्यू'नं पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करायचे.

एक्स्ट४ आपल्या मुख्य नोंदीच्या प्रती ठरावीक जागी ठेवते. डिस्कची जागा ब्लॉक नावाच्या समान तुकड्यांत वाटलेली असते; नेहमीच्या ४ केबी ब्लॉकमध्ये पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर, म्हणजे सुरुवातीपासून १२८ एमबीवर असते. फक्त पार्टिशनची (डिस्कच्या विभागांची) नोंद किंवा रेडचं शीर्षक (जोडीची माहिती ठेवणारी नोंद) बिघडलं असेल, तर या प्रतींवरून फाइल सिस्टिम नावांसकट उभी राहते. पण रीसेटनं त्याच जागी, त्याच आकाराची नवी फाइल सिस्टिम बसवली असेल, तर नव्या प्रती नेमक्या जुन्यांवरच पडतात. मग उरतं 'फोटोरेक'सारखं साधन. ते नकाशा बघतच नाही, डिस्क चाळत खुणा शोधतं. जेपेग फोटो एफएफ-डी८-एफएफ या बाइटांनी सुरू होतो. ती खूण दिसली की तिथून फोटो उचलायचा. नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. लग्नाचा फोटो आणि वीजबिलाचा स्कॅन एकाच ढिगात येतात. लांबलचक व्हिडिओ डिस्कवर तुकड्यांत विखुरलेला असेल, तर तो बहुतेकदा अर्धामुर्धाच निघतो.

'माय बुक लाइव्ह'ची आणखी एक तऱ्हा होती. त्यातला प्रोसेसर पॉवरपीसी, आणि फाइल सिस्टिमचे ब्लॉक ६४ केबीचे. साध्या पीसीवरच्या लिनक्सची मेमरी ४ केबीच्या पानांवर (तुकड्यांवर) चालते आणि त्याहून मोठा ब्लॉक तिला पेलत नसे, त्यामुळे धडधाकट डिस्कसुद्धा तिथे जोडली जात नसे. 'डीबगएफएस'सारख्या साधनानं फायली एकेक बाहेर काढाव्या लागत. घटनेनंतर जुलैपासून कंपनीनं ग्राहकांना डेटा परत मिळवून देण्याची सेवा देऊ केली.

नॅसमध्ये एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर मात्र चित्र वेगळं. नवी फाइल सिस्टिम बसवताना सहसा 'ट्रिम'चा, म्हणजे ही जागा आता नको असं सांगणारा, आदेश जातो आणि एसएसडी ते ब्लॉक खरोखरच रिकामे करून टाकते. चाळायला काही उरत नाही. एन्क्रिप्शन (डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा सांकेतिक करणं) लावलेलं असेल आणि किल्ली ठेवलेलं शीर्षकच पुसलं गेलं असेल, तर पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही. या दोन्ही प्रसंगांत डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबला पैसे देण्यात अर्थ नाही.