नऊ विजय, तीन पराभव : नेब्रास्काच्या अपेक्षांची जडणघडण

नोव्हेंबर २००३च्या अखेरीस नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने कोलोरॅडो विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर हरवले आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक फ्रँक सॉलिच यांची नोकरी गेली. हंगामात नऊ विजय होते आणि तीन पराभव. हा संघ सामान्यांच्या पंगतीत जाऊन बसलेला आपल्याला चालणार नाही, असे क्रीडासंचालक स्टीव्ह पीडरसन यांनी सांगितले. इतके सामने जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला कुठलेही विद्यापीठ सहसा हात लावत नाही. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन शहरात मात्र हे घडले, आणि तिथल्या चाहत्यांनी नव्या प्रशिक्षकाकडून काय मागावे हा वाद आजही या निर्णयापाशी येतोच.

नऊ विजय कमी पडावेत एवढी भूक कुठून आली, हे कळायला आधी तो मुलूख पाहायला हवा. नेब्रास्का हे अमेरिकेच्या मधोमध पसरलेले मक्याचे आणि गुरांचे राज्य आहे. लोकसंख्या जेमतेम वीस लाख. मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ या राज्यात नाही, ना फुटबॉलचा, ना बास्केटबॉलचा, ना बेसबॉलचा. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. शनिवारी सामना असला की लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांच्या वर माणसे जमतात, आणि तेवढ्या वेळापुरते ते मैदान ओमाहा व लिंकननंतर राज्यातले तिसरे मोठे शहर बनते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला मित्रमंडळी सोडली तर फारसे कुणी नसते, म्हणून हे चित्र डोळ्यांसमोर आणणे अवघड जाते. तिथे ज्या शेतकऱ्याने विद्यापीठाची पायरीही चढलेली नसते तोही लाल सदरा घालून चार-पाच तास गाडी चालवत येतो. त्याच्या लेखी हरलेला सामना म्हणजे राज्याचीच हार.

ही भूक पहिल्यापासून नव्हती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नेब्रास्का हा सातत्याने हरणारा संघ होता. १९६२ मध्ये वायोमिंगहून बॉब डिव्हेनी मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात नऊ सामने जिंकले. त्या वर्षी ३ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्ध स्टेडियम पूर्ण भरले. तो सामना नेब्रास्काने गमावला, पण तेव्हापासून आजतागायत घरच्या सामन्याला एकही खुर्ची विकायची राहिलेली नाही. ही मालिका चारशे सामन्यांच्या पुढे गेली आहे.

डिव्हेनींचा रस्ताही सरळ नव्हता. १९६७ आणि १९६८ ही दोन्ही वर्षे सहा विजय, चार पराभव अशी गेली. १९६८ला ओक्लाहोमाने ४७-० असे धुतले, आणि डिव्हेनींना हटवा अशी भाषा सुरू झाली. त्यांनी आक्रमणाची रचना बदलण्याचे काम टॉम ऑस्बोर्न या तरुण सहायकाकडे सोपवले. ऑस्बोर्न यांच्याच आग्रहावरून १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना वजनांच्या व्यायामासाठी नेमले. वजने उचलल्याने खेळाडू जड आणि संथ होतात असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. एखादा जरी संथ झाला तर तुझी नोकरी गेली, असे डिव्हेनींनी एप्लींना बजावले होते, ही गोष्ट नेब्रास्कात आजही सांगतात. संथ कुणी झाले नाही. १९७० आणि १९७१ ही दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदे लिंकनला आली. जानेवारी १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतः सन्मानफलक द्यायला आले. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ओक्लाहोमाच्या नॉर्मन शहरात ओक्लाहोमाविरुद्धचा सामना नेब्रास्काने ३५-३१ असा जिंकला. अमेरिकेत अजूनही त्याला ‘शतकातला सामना’ म्हणतात.

१९७३ला ऑस्बोर्न मुख्य प्रशिक्षक झाले. माझ्या मते या साऱ्या कहाणीचा गाभा त्यांच्या पहिल्या एकवीस वर्षांत आहे, आणि नेमकी हीच वर्षे लोक विसरतात. ऑस्बोर्न पंचवीस हंगाम राहिले. एकाही हंगामात त्यांचे विजय नऊच्या खाली गेले नाहीत. पण ओक्लाहोमाकडून ते पहिली पाच वर्षे ओळीने हरले. १९७८ मध्ये १७-१४ असा तो डोंगर सर झाला, तर पुढच्याच आठवड्यात मिझुरीने हरवले आणि मग ऑरेंज बाउल या हंगामअखेरच्या मानाच्या सामन्यात पुन्हा ओक्लाहोमाच समोर येऊन जिंकून गेला. त्या हिवाळ्यात ऑस्बोर्न कोलोरॅडोची नोकरी पाहायला गेले होते. नेब्रास्कात आपले कौतुक होईल का, याची खात्री त्यांना तेव्हा नव्हती.

मग १९८३चा संघ आला, नेब्रास्काच्या सर्वोत्तम संघांपैकी एक. संघाच्या माइक रोझियरला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. बारा सामने जिंकून ते ऑरेंज बाउलमध्ये मायामीसमोर उभे राहिले. शेवटच्या मिनिटात नेब्रास्काचा टचडाउन (सहा गुण) झाला, मायामी ३१, नेब्रास्का ३०. जादा वेळेचा नियम तेव्हा नव्हता. टचडाउननंतर लाथेने मिळणारा जादा एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती, आणि मतदानाने विजेता ठरवण्याच्या त्या काळात विजेतेपद बहुधा नेब्रास्कालाच मिळाले असते. ऑस्बोर्न यांनी त्याऐवजी जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव टाकला. नेब्रास्काच्या टर्नर गिलचा पास मायामीच्या खेळाडूच्या बोटांना लागून गेला आणि विजेतेपदही गेले. बरोबरी करून अजिंक्यपद घेणे त्यांना पटले नव्हते. मला तो निर्णय आजही थोर वाटतो. राज्यानेही तो पचवला, काहींनी अभिमानाने, काहींनी दात-ओठ खात.

त्यानंतरही दहा वर्षे गेली. जानेवारी १९८८ ते जानेवारी १९९४ या काळात ऑस्बोर्न ओळीने सात बाउल सामने हरले. मोठा सामना त्यांना जिंकता येत नाही, ही चर्चा उघड होत असे. आणि १९७४, १९७७, १९७८, १९८१, १९८५, १९९०, १९९२ या सात हंगामांचा त्यांचा हिशेब काय होता? नऊ विजय, तीन पराभव. डिव्हेनी तेव्हा क्रीडासंचालक होते. त्यांनी आपल्या वारसदाराच्या पाठीवरचा हात काढला नाही. १९९४ला ऑस्बोर्न यांचे पहिले विजेतेपद आले, १९९५ला दुसरे, १९९७ला तिसरे. १९९३ ते १९९७ या पाच हंगामांत साठ विजय आणि फक्त तीन पराभव.

या पाच वर्षांनी अपेक्षेचे माप कायमचे बदलले. त्या यशाला एक काळी किनारही आहे. १९९५ मध्ये माजी मैत्रिणीवर हल्ला केल्याबद्दल निलंबित केलेल्या खेळाडूला ऑस्बोर्न यांनी त्याच हंगामात परत घेतले. त्यावर देशभर टीका झाली, आणि ती योग्यच होती.

नेब्रास्काला हे जमले त्यामागे ठोस कारणे होती, आणि ती एकेक करून नाहीशी झाली. एप्लींची व्यायामशाळा सगळ्यांनी उचलली. शिष्यवृत्तीविना येऊन संघात जागा मिळवणारी खेड्यापाड्यांतली मुले, म्हणजे वॉक-ऑन, ही नेब्रास्काची खास ताकद होती. प्रत्येक संघाच्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा १९९४ पर्यंत टप्प्याटप्प्याने ८५ वर आली, तेव्हा सगळीकडेच चांगले खेळाडू वाटले गेले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेची मक्तेदारी मोडली. पूर्वी मोजकेच संघ पडद्यावर दिसत आणि नेब्रास्का त्यांत असे. पुढे सगळेच दिसू लागले, मग टेक्सासमधल्या सतरा वर्षांच्या मुलाने थंडगार लिंकनला कशाला यावे? १९९६ला बिग ट्वेल्व्ह ही नवी परिषद, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, आली आणि ओक्लाहोमाबरोबरचा दरवर्षीचा सामनाही संपला. संघ १९८१ पासून २००२ पर्यंत ओळीने ३४८ आठवडे राष्ट्रीय क्रमवारीत होता. पायाखालची जमीन सरकत होती, पण एवढ्या लांब मालिकेच्या आड ती दिसत नव्हती.

सॉलिच हे ऑस्बोर्न यांनीच निवडलेले वारसदार. १९९९ला त्यांनी परिषदेचे विजेतेपद मिळवले, आणि ते नेब्रास्काचे आजवरचे शेवटचे. २००१ला कोलोरॅडोकडून ६२-३६ अशी धूळधाण झाली, तरी क्रमवारीच्या गणिताने त्यांना राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात नेले आणि तिथे मायामीने ३७-१४ असे हरवले. २००२ला सात विजय, सात पराभव. इथे नाराजी खरी होती. २००३चे तिन्ही पराभवही मोठे होते, कॅन्सस स्टेटने तर लिंकनमध्ये येऊन ३८-९ असे चेपले. पण सॉलिच यांनी सहायक बदलले होते, बो पेलिनी यांच्या हाती दिलेला बचाव सुधारला होता, संघ वर येत होता. चाहत्यांमध्ये या निर्णयावर उभी फूट पडली. म्हणून ‘चाहत्यांनी सॉलिचना घालवले’ हे जे सरसकट म्हटले जाते ते मला मान्य नाही. निर्णय कार्यालयाचा होता. सॉलिच पुढे ओहायो विद्यापीठात २००५ ते २०२० राहिले आणि त्यांच्या परिषदेच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक झाले.

त्यांच्या जागी माणूस शोधायला महिनाभराहून अधिक काळ गेला आणि ओकलंड रेडर्सचे बिल कॅलाहन आले. २००४ला पाच विजय, सहा पराभव, १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. टेक्सास टेककडून ७०-१०, २००७ला कॅन्सासकडून ७६-३९. पीडरसन गेले, कॅलाहन गेले, आणि घडी बसवायला क्रीडासंचालक म्हणून सत्तरीतले ऑस्बोर्न परत आले.

पेलिनींची सात वर्षे (२००८ ते २०१४) मला विशेष बोलकी वाटतात. प्रत्येक हंगामात त्यांचे विजय नऊ किंवा दहा. पण २०११ला संघ बिग टेन परिषदेत गेला आणि पुढच्या वर्षी विजेतेपदाच्या सामन्यात विस्कॉन्सिनकडून ७०-३१ अशी मानहानी झाली. पेलिनींचा स्वभाव तापट. चाहत्यांना शिव्या घालतानाचे त्यांचे जुने ध्वनिमुद्रण २०१३ मध्ये बाहेर आले तेव्हा नाते तुटल्यातच जमा होते. २०१४ला त्यांनाही काढले. हिशेब तोच : नऊ आणि तीन. मधली माइक रायली यांची तीन वर्षे १९ विजय, १९ पराभव अशी सरली.

डिसेंबर २०१७ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट आले तो दिवस राज्यात सणासारखा होता. वुड रिव्हर या छोट्या गावचा मुलगा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. ऑरेंज बाउल जिंकल्यावर मैदानातूनच मतदारांना ‘ऑस्बोर्न यांना अर्धे तरी विजेतेपद द्या’ अशी साद घालणारा तोच. प्रशिक्षक म्हणून सेंट्रल फ्लोरिडाला त्यांनी नुकताच अपराजित हंगाम दिला होता. जुने दिवस परत आणायला याहून योग्य माणूस सुचणेच शक्य नव्हते, आणि तिथेच गफलत झाली. लोकांनी त्यांच्यात प्रशिक्षक कमी आणि १९९७ जास्त पाहिले. निकाल आला १६ विजय, ३१ पराभव. २०२१चे नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्ये ४५-४२ असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना काढले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर आली असती. तेवढेही थांबणे विद्यापीठाला जमले नाही.

या सगळ्या पडझडीत चाहत्यांनी मैदान सोडले नाही, हे ठासून सांगायला हवे. नेब्रास्काचे प्रेक्षक सामना संपल्यावर पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवतात, तो जिंकून चालला असला तरी. २०२१ मध्ये तिकिटे उरू लागली तेव्हा दात्यांनी ती विकत घेऊन गरजू मुलांना दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये याच मैदानात महिला व्हॉलीबॉलच्या सामन्याला ९२,००३ प्रेक्षक आले. असे लोक अधीर असतील, पण त्यांना उथळ म्हणता येणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅट रूल यांच्याशी आठ वर्षांचा, ७.४ कोटी डॉलरचा करार झाला. पहिल्या वर्षी पाच विजय. दुसऱ्या वर्षी सात, त्यांतलाच एक डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजवर २०-१५ असा विजय. २०१६ नंतरचा तो पहिलाच बाउल सामना होता, आणि सात विजयांवर लोक मनापासून खूश झाले. १९९७चे विजेतेपद पाहिलेल्या आईबापांची जी मुले त्या वर्षी विद्यापीठात दाखल झाली, त्यांच्या आठवणीत नेब्रास्काचे एकही विजेतेपद नाही.

पण त्याच हंगामात आणखी एक गोष्ट घडली. इंडियाना हा बिग टेनमधला तोवर वर्षानुवर्षे तळाला असलेला संघ. कर्ट सिग्नेटी तिथे प्रशिक्षक म्हणून आले, दुसऱ्या विद्यापीठांतून खेळाडू घेऊन आले, आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या नव्या प्लेऑफमध्ये पोहोचले. वाटेत त्यांनी नेब्रास्काला ५६-७ असे हरवले. खेळाडूंना आता पैसे मिळतात आणि संघ बदलायची मोकळीक आहे, त्यामुळे हे शक्य झाले. नेब्रास्कातला चाहता थांबण्याची तयारी दाखवताना ऑस्बोर्न यांच्या एकवीस वर्षांचा दाखला द्यायचा. आता रूल यांच्याबद्दल बोलताना शेजारचा चाहता इंडियानाचे नाव घेतो आणि विचारतो, त्यांना एका वर्षात जमले, तर आपल्याला किती लागावीत?