पंचवीस सेंटांचा सूड

न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गजवळ जमिनीचा तुकडा घ्यायचा होता आणि खिशात हजार डॉलर नव्हते, म्हणून अमेरिकन गुन्हेकथाकार मिकी स्पिलेन कादंबरी लिहायला बसला. ती किती दिवसांत झाली याचे वेगवेगळे आकडे सांगितले जातात, पण एवढे खरे की काम झपाट्याने उरकले. ‘आय, द ज्युरी’ १९४७ मध्ये डटन या प्रकाशनसंस्थेने हार्डकव्हरमध्ये काढली. समीक्षकांनी नाके मुरडली, खपही बेताचाच झाला. पुढच्या वर्षी सिग्नेट या पेपरबॅक-प्रकाशनाने तीच कादंबरी २५ सेंटांच्या पेपरबॅकमध्ये आणली आणि ती लाखोंनी खपू लागली. मजकूर तोच होता. बदलली होती किंमत आणि विकायची जागा: पुस्तकांच्या दुकानाऐवजी वर्तमानपत्रांचा स्टॉल, औषधांचे दुकान, बसचा थांबा.

स्पिलेनच्या वारशाची चर्चा बहुधा त्याच्या भाषेवर, हाणामारीवर नाहीतर राजकारणावर येऊन अडकते. मला त्याहून मोठा वाटतो तो त्याने दाखवून दिलेला वाचक.

हा वाचक युद्धाने घडवला होता. १९४३ ते १९४७ या काळात अमेरिकेने आपल्या सैनिकांना खिशात मावणाऱ्या पुस्तकांच्या बारा कोटींवर प्रती फुकट वाटल्या. घरी परतलेल्या त्या माणसांना स्वस्त पुस्तकाची सवय लागली होती आणि मरण त्यांनी जवळून पाहिले होते. स्पिलेनचा नायक, खासगी गुप्तहेर माइक हॅमर, त्यांच्यातलाच. पहिल्या कादंबरीत ज्याचा खून होतो त्या मित्राने युद्धात हॅमरला वाचवताना हात गमावलेला असतो. प्रेतासमोर उभा राहून हॅमर शपथ घेतो: खुन्याला कोर्टापर्यंत पोहोचू द्यायचे नाही. पुरावे जुळवून खुनी ओळखण्याची मजा इथे दुय्यम ठरते. न्यायनिवाडा हॅमरच करतो आणि शिक्षाही तोच देतो.

हे आकाशातून पडलेले नव्हते. हार्डबॉइल्ड, म्हणजे निबर आणि हातघाईवर येणारा, गुप्तहेर ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त, सनसनाटी कथांच्या ‘पल्प’ मासिकात १९२३ च्या सुमारास घडला. कॅरोल जॉन डॅलीचा रेस विल्यम्स आधी गोळी घालायचा, मग प्रश्न विचारायचा. त्याच सुमारास त्याच मासिकात आलेल्या डॅशिएल हॅमेटने, स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर एजन्सीत काम केलेले असल्यामुळे, या प्रकाराला जमिनीवर आणले. पुढे कादंबरीकार रेमंड चँडलरने त्याला डौल दिला. स्पिलेन या दोघांना ओलांडून थेट डॅलीकडे गेला आणि ते ऋण त्याने मोकळेपणाने मान्यही केले. दुसरा धागा कॉमिक्सचा. तो आधी कॉमिक्स लिहायचा, आणि हॅमरचा जन्मही माइक डेंजर नावाच्या एका कॉमिक्स-नायकाच्या कल्पनेतून झाला. त्याची प्रकरणे चौकटीचौकटीने पुढे सरकतात ती त्यामुळेच असावीत.

प्रकाशनधंद्यावरचा परिणाम मात्र डोळ्यांत भरणारा आहे. सिग्नेटची पुस्तके दुकानोदुकानी पोहोचवायची फॉसेट ही कंपनी. स्पिलेनचा खप तिच्या डोळ्यांसमोर होता. करारामुळे तिला स्वतः पुनर्मुद्रणे काढता येत नव्हती, म्हणून १९५० च्या सुमारास तिने ‘गोल्ड मेडल’ ही मालिका सुरू केली: हार्डकव्हरला वगळून थेट पेपरबॅकमध्ये येणाऱ्या नव्याकोऱ्या कादंबऱ्या. पन्नासच्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन गुन्हेकथाकारांचे पोट या वाटेने भरले.

टीका अर्थातच झाली, आणि सगळीच अनाठायी नव्हती. ‘वन लोनली नाइट’ (१९५१) मध्ये हॅमर मशीनगनने कम्युनिस्टांना भाजून काढतो. सरकारात कम्युनिस्ट घुसल्याच्या सिनेटर मॅकार्थीच्या आरोपांनी तेव्हा देश ढवळून निघाला होता. स्पिलेनच्या कादंबऱ्यांतल्या बायका आणि त्यांच्या वाट्याला येणारा मार आज वाचवत नाही. गंमत म्हणजे हॅमरवरचा सर्वांत नावाजलेला चित्रपट हॅमरच्याच विरोधात आहे. रॉबर्ट ऑल्ड्रिचच्या ‘किस मी डेडली’ (१९५५) मध्ये तो बढाईखोर, निर्दय माणूस आहे आणि कादंबरीतल्या अमली पदार्थांच्या जागी अणुशक्तीने धगधगणारी पेटी आली आहे. स्पिलेनला हा चित्रपट रुचला नाही. फ्रेंच समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

टीकेला स्पिलेन दुकानदाराच्या थाटात उत्तर द्यायचा. आपल्याला चाहते नाहीत, गिऱ्हाइके आहेत, असे तो म्हणे. कॅव्हियारपेक्षा खारे शेंगदाणेच जास्त खाल्ले जातात, हेही त्याचेच. पण याच दुकानदाराने ऐन भरात, १९५२ नंतर, जवळजवळ दशकभर नवी कादंबरी दिली नाही. त्या सुमारास तो जेहोव्हाज विटनेस या ख्रिस्ती पंथात गेला होता. परतल्यावर ‘द गर्ल हंटर्स’च्या १९६३ च्या चित्रपटात त्याने हॅमरची भूमिका स्वतःच केली. पुढे बिअरच्या जाहिरातींतही हॅमरच्या थाटात तो दिसे. १९९५ मध्ये मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका या रहस्यकथाकारांच्या संघटनेने त्याला ग्रँड मास्टर हा किताब दिला.

२००६ मध्ये साउथ कॅरोलिनात तो वारला. जाण्याआधी त्याने अपुरी बाडे गुन्हेकथाकार मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्सच्या हवाली करायला सांगितली होती. कॉलिन्सने ती एकेक पुरी केली. हॅमरच्या कादंबऱ्यांत आधी ‘द गोलायथ बोन’ (२००८), मग साठच्या दशकात अर्धवट सुटलेली ‘द बिग बँग’ (२०१०). दोन्ही पुस्तके आधी हार्डकव्हरमध्ये निघाली.