आठव्या महिन्याचं लेकरू आणि पाण्याचा ताण

"सातव्याचं लेकरू जगतं, आठव्याचं हाती लागत नाही." भाचीची जुळी बत्तीस आठवड्यांची असतानाच जन्मली आणि दोघांना काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हा कक्षाबाहेरच्या बाकड्यावर हे वाक्य फार ऐकलं. मराठवाड्यात कुठल्याही नवजात कक्षाबाहेर बसा, कुणीतरी मावशी हे सांगतेच.

वाक्य साफ चूक आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो, कमी करत नाही. समजूत मात्र जुनी आहे; दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही ती सापडते. ती टिकली कशी, याबद्दल माझा एक अंदाज आहे. लग्नानंतर सातव्या महिन्यात झालेलं धष्टपुष्ट बाळ 'सातमासी' म्हणून खपवण्याची सोय सगळ्याच समाजांना लागत आली आहे. ती बाळं जगणारच, कारण ती पूर्ण दिवसांचीच असतात! त्यातून सातव्या महिन्याचा लौकिक वाढला आणि आठवा बदनाम झाला.

खरा प्रश्न महिन्याचा नाही, फुप्फुसातल्या पाण्याचा आहे. फुप्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि प्रत्येकाला आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याला पृष्ठताण असतो, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून घेण्याची ओढ. गोल पोकळीत ही ओढ आतल्या दिशेने दाब निर्माण करते. तो मोजायचं सूत्र लाप्लासचं: दाब = 2 × पृष्ठताण ÷ त्रिज्या. त्रिज्या खाली आहे, हे लक्षात घ्या. पोकळी जितकी लहान, तितकी ती मिटायला उतावीळ. फुगा फुगवताना पहिली फुंक सगळ्यात जड जाते, तसंच.

आता आकडे घालू. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे 70 मिलिन्यूटन. वायुकोशाची त्रिज्या 50 मायक्रॉन धरली, तर दाब येतो 2800 पास्कल, म्हणजे जवळजवळ 28 सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. दीड किलोच्या आतल्या जिवाने दर श्वासाला एवढ्या ओढीशी झुंजायचं! ते दमतं, बरगड्या आत ओढल्या जातात, कण्हल्यासारखा आवाज येतो.

तुमच्या-माझ्या फुप्फुसात हे होत नाही, कारण तिथे सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ पाण्यावर पसरलेला असतो. वायुकोशातल्या 'टाइप टू' पेशी तो बनवतात. त्यातला मुख्य रेणू डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन. नाव विसरलात तरी चालेल, करामत विसरू नका. श्वास सोडताना वायुकोश आकसतो, हे रेणू एकमेकांना खेटतात आणि पृष्ठताण शून्याच्या जवळ येतो. म्हणजे सूत्रात त्रिज्या घटते नेमकं तेव्हाच वरचा आकडाही कोसळतो. त्यामुळे लहान वायुकोश मिटून त्यातली हवा शेजारच्या मोठ्यात जात नाही. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, पण इतकं देखणं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. अडचण एवढीच, की हा पदार्थ पुरेसा तयार व्हायला साधारण 34-35 आठवडे उजाडतात.

1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हा अभाव दाखवून दिला. तरी 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पाच-साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच त्रासाने दोन दिवसांच्या आत गेला. तेव्हा उपायच नव्हता. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून दाखवलं. आजही ते गायीच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून येतं आणि महाग असतं.

पेटीशेजारी पाण्याची बाटली गुडगुडताना दिसते, ते बबल सीपॅप. बाळाच्या नाकाशी जोडलेल्या नळीचं एक टोक पाण्यात पाच सेंटीमीटर बुडवायचं. झाला पाच सेंटीमीटरचा दाब. तेवढ्याने श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटत नाहीत.

याहून स्वस्त उपाय जन्माआधीचा. आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये 1972 मध्ये सिद्ध केलं. पण पूर्ण परिणामाला साधारण 24 तास हवेत. बीडची ऊसतोड करणारी बाई परमुलखात, फडावर असताना कळा सुरू झाल्या, तर हे 24 तास आणायचे कुठून?

जुळ्यांत एक बाळ सीपॅपवर आणि दुसरं नुसत्या पेटीत, असं होतं. घरचे विचारतात, एकाच पोटातली ना? हो, पण दुसऱ्या क्रमांकाने जन्मणाऱ्या जुळ्याला श्वासाचा त्रास जास्त होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. यात कुणाची दृष्ट नाही.

बाळघुटी आणि मध चाटवण्याची घाई मात्र खरोखर जीवघेणी. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांपर्यंत बसत नाही, म्हणून दूध नळीने देतात, आणि तेही शक्यतो आईचंच. कांगारू पद्धतीत उघड्या छातीशी धरायला आई एकटी पुरत नाही. जुळ्यांत एक बाळ बापाच्या छातीवर हवंच. आमच्याकडे जावईबापू आधी लाजले, मग उठायलाच तयार होईनात.

एक तपासणी हमखास राहून जाते: डोळ्यांची. 34 आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच आधी जन्मलेल्यांची त्याहून लवकर. घरी सोडताना कार्डावर ती तारीख लिहिली आहे का, ते पाहून घ्या.