आदळआपटीच्या आधी काय घडलं?

मुंबईतल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या पालकांची स्वतःची एक बोली तयार झाली आहे. ‘आमची ओटी माटुंग्याला, स्पीच दादरला आणि बीटी घरी येते.’ ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच म्हणजे वाचा-उपचार आणि बीटी म्हणजे बिहेवियर थेरपी, अर्थात वर्तन-उपचार. कुठलं सेशन कधी, कुठली लोकल गाठायची, शाळेशी कसं जुळवायचं, हे सगळं आयांना तोंडपाठ असतं. पण या बीटीत नेमकं होतं काय, असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘टेबलाशी बसवून शिकवतात.’ तेही खरंच आहे. मात्र ज्या प्रश्नावर हे सगळं शास्त्र उभं आहे, तो टेबलाशी सुटत नाही, घरात सुटतो. मूल असं वागलं, त्याच्या जरा आधी काय घडलं आणि लगेच नंतर काय घडलं?

आधी स्वमग्नतेबद्दल थोडंसं. अमेरिकेत बाल्टिमोरला काम करणाऱ्या लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ११ मुलांची तपशीलवार वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हापासून या अवस्थेला वैद्यकात वेगळी ओळख मिळाली. जगात अंदाजे शंभर मुलांत एक स्वमग्न असतं. नावाला ओ न देणं, हवी ती वस्तू बोटाने न दाखवता मोठ्यांचा हात धरून तिथे नेणं, गाडी चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत बसणं, अशा खुणा दीड-दोन वर्षांपर्यंत दिसू लागतात. आपल्याकडे त्या दिसतातही, पण ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता’ या वाक्यावर एखाद-दोन वर्षं सहज निघून जातात.

एके काळी आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ छातीठोकपणे सांगत. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांचा पहिला पद्धतशीर अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघंही स्वमग्न असण्याचं प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं आणि स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे स्पष्ट होत गेलं. तरी आईवरचा आरोप गेला नाही, त्याने फक्त कपडे बदलले. आता तो ‘नोकरी करते ना’ किंवा ‘मोबाइल हातात दिला म्हणून’ असा येतो. मोबाइलने स्वमग्नता होत नाही. मुलाशी देवाणघेवाण करण्याचा वेळ तो खातो, हे मात्र खरं, आणि हे प्रत्येक मुलाला लागू आहे.

आता मूळ मुद्दा. समजा, भांडुपमधलं एक वन-रूम-किचन. साडेचार वर्षांचा मुलगा, अजून फारसं बोलत नाही. संध्याकाळी भिंतीवर डोकं आपटतो. घरच्यांचं निदान ठरलेलं: हट्टी आहे. चांगली थेरपिस्ट पहिल्या भेटीत उपाय सांगत नाही. कान दुखतोय का, दात किडलाय का, पोट साफ होतंय का, हे ती आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावते, कारण ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही ते मूल दुखणं असंच सांगतं. त्यानंतर ती एका वहीत तीन रकाने आखायला सांगते. आधी, वर्तन, नंतर. आठवडाभर फक्त नोंद करायची.

वहीत असं काहीतरी उतरतं. सोमवार, ७.१०: कुकर लावला, दुसऱ्या शिटीला कान झाकले, मग डोकं आपटलं, आजीने उचलून गॅलरीत नेलं. मंगळवार, ७.४०: ताई अभ्यासाला बसली म्हणून टीव्ही बंद केला, डोकं आपटलं, बाबांनी मोबाइल दिला. बुधवार: बाहेरून जेवण मागवलं, टीव्ही चालू, संध्याकाळ शांत. गुरुवार, ७.१५: कुकर, पुन्हा डोकं, पुन्हा गॅलरी.

वर्तन एकच, पण कारणं दोन. कुकरच्या वेळी तो असह्य आवाजापासून सुटका मागतोय. टीव्हीच्या वेळी हवी ती गोष्ट मागतोय. दोन्ही वेळा डोकं आपटल्यावर काम होतं, म्हणून डोकं आपटणं टिकून आहे. तज्ज्ञांच्या मते अशा वागण्यामागे सहसा चारांपैकी एक हेतू असतो: काहीतरी मिळवणं, काहीतरी टाळणं, कोणाचं लक्ष वेधणं किंवा ते केल्याने शरीरालाच बरं वाटणं. मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर ही तपासणी पद्धतशीर करून दाखवली. त्याआधी बहुतेक ठिकाणी वर्तन कसं दिसतं त्यावर उपाय ठरे. इवाटांनंतर ते कशासाठी घडतं, हे आधी पाहिलं जाऊ लागलं. माझ्या मते या शास्त्राची खरी कमाई हीच.

कारण वेगळं, तर उपायही वेगळा. कुकरच्या बाबतीत मुलाला काही ‘शिकवण्याआधी’ घरच्यांनीच थोडं बदलायचं असतं. तो खाली खेळायला गेला असताना कुकर लावा, आवाज अडवणारे हेडफोन द्या, शिटी व्हायच्या आधी कुकरचं चित्र दाखवून कल्पना द्या. आणि गॅलरीचा फोटो असलेलं एक कार्ड त्याच्या हाताशी ठेवा. त्याने कार्ड दिलं की ताबडतोब गॅलरीत न्यायचं, डोकं आपटायची वाट बघायची नाही. डोक्याने जे मिळत होतं ते कार्डाने अधिक लवकर आणि हमखास मिळू लागलं, की डोकं आपटायची गरज कमी होते. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये हीच कल्पना प्रयोगाने सिद्ध केली. समस्या-वर्तनाच्या जागी त्याच अर्थाचं संवादाचं साधन द्यायचं.

टीव्ही-मोबाइलचं प्रकरण जास्त अवघड आहे. ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कागदावर तो बरोबर आहे: वर्तनाला फळ मिळालं नाही, तर ते विझतं. पण विझण्याआधी ते भडकतं. रोज दोन मिनिटं चालणारी आदळआपट एखाद्या दिवशी वीस मिनिटं चालते. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या इमारतीत वीस मिनिटं म्हणजे शेजारच्या काकू दारात, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आणि पंधराव्या मिनिटाला मोबाइल हातात. मुलाला कळतं, पंधरा मिनिटं टिकायचं. कधीतरीच मिळणाऱ्या फळाने सवय अधिक घट्ट होते. लॉटरी कधीतरी लागते म्हणूनच माणूस तिकीट घेत राहतो. म्हणून सगळ्या घराचं एकमत होणार नसेल, तर दुर्लक्षाचा प्रयोग सुरूच करू नये, असं माझं मत आहे. शिवाय मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हा मार्ग धरूच नये. ‘आता टीव्ही, मग अंघोळ, मग मोबाइल’ असा चित्रांचा तक्ता भिंतीवर लावणं आणि टीव्ही बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी सांगणं, यांत नाट्य नाही, पण कामाचं हेच आहे.

आता ४० तासांची गोष्ट. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास, दोन वर्षं आणि त्याहून जास्त काळ, एकास एक वर्तन-उपचार दिले. त्यांतली ९ मुलं सर्वसाधारण शाळेत सामान्य बुद्ध्यंकासह शिकू लागली, असं त्यांनी मांडलं. या आकड्याने जगभर आशा पेटवली आणि धंदाही. पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि चुकीच्या वागण्यावर जोरात ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही पद्धतीत होतं. १९६० च्या दशकात तर लोव्हास यांनी विजेचे झटकेही वापरले होते. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ मधल्या आढाव्याला अशा सघन उपचारांचे निकषांत बसणारे पाचच अभ्यास सापडले, एकूण २१९ मुलांचे. फायदा दिसला, पण पुरावा कमकुवत ठरला. २०२४ मध्ये १४४ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा जास्त तास म्हणजे जास्त फायदा, असा संबंध दिसला नाही. तेव्हा कोणी ‘चाळीस तासांचं पॅकेज घ्या, नाहीतर वेळ निघून जाईल’ म्हणालं, तर घाबरून दागिने मोडू नका.

वर्तन-उपचारांवरचा दुसरा आक्षेप मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांचाच आहे, आणि तो वजनदार आहे. हात फडफडवणं, डोलणं, नजर चुकवणं यांतून कोणाला काय त्रास होतो? या हालचालींनी अनेकांना शांत वाटतं. त्या दाबायला शिकवलं, तर माणूस ‘नॉर्मल’ दिसतो आणि आतून थकतो. ज्या केंद्रात आठवड्यांमागून आठवडे ‘माझ्याकडे बघ’ एवढंच चाललंय, तिथे पालकांनी प्रश्न विचारायला हवा.

बोलण्याचंही तसंच. मुंबईतली कित्येक मुलं लोकलमधली घोषणा हुबेहूब म्हणतात. ‘पुढील स्टेशन, दादर.’ ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्याला एकोलालिया म्हणतात आणि पूर्वी तो निरर्थक मानून बंद करत. पण पाहुण्यांच्या घरी एखादा मुलगा दाराशी जाऊन ‘पुढील स्टेशन’ म्हणू लागला, तर तो निघूया म्हणत असण्याची शक्यता बरीच आहे. तिथे ‘गप्प’ म्हणण्याऐवजी ‘घरी जाऊया’ एवढे दोन शब्द जोडून दिले, तर त्याच्याच वाक्याची पुढची पायरी तयार होते.

अलीकडच्या पद्धती याच दिशेने गेल्या आहेत. टेबलाऐवजी जमिनीवर, मुलाच्या आवडीच्या खेळातून. पालकांना मध्यभागी ठेवणारा एक महत्त्वाचा प्रयोग तर आपल्या शेजारी गोव्यात झाला. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवरचा हा अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आला. उपचार देणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. आई किंवा बाबा मुलाशी खेळताना त्यांचं चित्रीकरण करायचं आणि मग पालकांबरोबर बसून ते बघायचं. इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, तुमच्या लक्षात आलं का? इथे तुम्ही घाई केली का? मुलाच्या कलाने घेणं पालकांमध्ये वाढलं आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. सगळंच सुधारलं नाही, पालक आणि मुलाने एकाच गोष्टीकडे एकत्र लक्ष देण्याचा वेळ उलट कमी भरला. पण तज्ज्ञ मोजके आणि मुलं लाखोंनी, अशा देशात ही वाट जवळची आहे.

मुंबईत उम्मीद ही संस्था २००१ पासून मुलांच्या विकासाबरोबर कुटुंबांसाठीही काम करते. फोरम फॉर ऑटिझम ही पालकांची संस्था आहे. तिथे बसलेली दुसरी आई कधी कधी थेरपिस्टपेक्षा उपयोगी ठरते, कारण दिव्यांगांच्या डब्यात ‘हा तर धडधाकट दिसतोय’ ऐकल्यावर काय उत्तर द्यायचं, हे तिला ठाऊक असतं. आईची झोप, बाबांचा अबोला, ताईच्या वाट्याला न येणारा वेळ, यांचीही चौकशी करणारी थेरपिस्ट मिळाली तर ती सोडू नका.

एका गोष्टीपासून मात्र चार हात लांब राहा. स्टेम सेलने, म्हणजे मूलपेशी टोचून, स्वमग्नता ‘बरी’ करण्याच्या जाहिराती याच शहरात पुष्कळ दिसल्या आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्येच या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं आहे.

कागदपत्रांची कामं कंटाळवाणी, पण निदान झालं की लगेच हाती घ्यावीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यावर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं आणि निरामय या सरकारी योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीच्या खर्चाचाही काही भाग बसतो. मूल अठराचं झालं की कायद्याने सज्ञान ठरतं. त्याला कायदेशीर पालकाची गरज असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ‘आमच्यानंतर काय’ या प्रश्नाचं उत्तर या अर्जाने पूर्ण मिळत नाही, पण पालक कोण होणार, भाऊ, मावशी की एखादी नोंदणीकृत संस्था, हे त्यात लिहावंच लागतं. त्यामुळे ज्या विषयावर घरात कोणी तोंड उघडत नव्हतं, तो एकदाचा जेवणाच्या ताटावर येतो.