सार्वजनिक विशेष शाळांतील विद्यार्थी आणि त्यांची प्रगती (अमेरिका)

सरकारी खर्चाने चालणाऱ्या आणि केवळ दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असलेल्या अमेरिकेतील शाळांत कोणती मुले शिकतात, आणि त्यांची प्रगती कशी मोजतात व जाहीर करतात, याविषयीची ही नोंद. महाराष्ट्रात ‘विशेष शाळा’ म्हटले की बहुधा स्वयंसेवी संस्थेने चालवलेली अनुदानित शाळा डोळ्यांपुढे येते आणि तिचा कारभार दिव्यांग कल्याण विभागाकडे असतो. अमेरिकेत मात्र ही शाळा शेजारच्या साध्या शाळेसारखीच सार्वजनिक शिक्षण व्यवस्थेचा भाग असते. त्यामुळे परीक्षेचा निकाल, हजेरी, पदवीधरांचे (म्हणजे बारावी पूर्ण करून शालेय ‘डिप्लोमा’ मिळवणाऱ्यांचे) प्रमाण, वंशनिहाय पटसंख्या हे सारे तिलाही त्याच तक्त्यात भरावे लागते. तक्ता बनला आहे साध्या शाळांसाठी, आणि विशेष शाळांचे आकडे वाचताना होणाऱ्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयीचा १९७५चा कायदा. तो करताना अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, नोंदवले होते की देशात ८० लाखांहून अधिक दिव्यांग मुले असून त्यांपैकी १० लाख मुले सार्वजनिक शिक्षणाच्या पूर्ण बाहेर आहेत. १९९० मध्ये कायद्याला ‘इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट’ हे आजचे नाव मिळाले व तो ‘आयडिया’ या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. ३ ते २१ वर्षे वयाच्या प्रत्येक पात्र मुलाला मोफत व सुयोग्य शिक्षण, त्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा (सगळे त्याला ‘आयईपी’च म्हणतात) आणि शक्य तितके इतर मुलांसोबत शिकणे, ही त्याची मुख्य तत्त्वे. शेवटच्या तत्त्वामुळे स्वतंत्र विशेष शाळा हा अपवाद ठरतो. २०२१–२२ मध्ये या कायद्याखाली सेवा घेणारे विद्यार्थी सुमारे ७३ लाख, म्हणजे सार्वजनिक शाळांच्या पटाच्या १५ टक्के होते. त्यांतले दोन-तृतीयांश दिवसाचा बहुतेक वेळ नेहमीच्याच वर्गात बसतात. स्वतंत्र शाळेत जातात ते जेमतेम दोन-तीन टक्के.

म्हणून या शाळांचा पट देशातल्या एकूण दिव्यांग विद्यार्थ्यांचे प्रतिबिंब नसतो. देशभरात सर्वांत मोठा गट विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, सुमारे एक-तृतीयांश. वाचनात अडखळणारी ही मुले विशेष शाळेत क्वचितच दिसतात. तिथे असतात ती स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता किंवा तीव्र भावनिक अडचणी असलेली मुले. मुलगे मुलींपेक्षा कितीतरी जास्त. स्वमग्नतेचे निदानच मुलग्यांत तिपटीहून अधिक होते, त्यामुळे यात नवल नाही.

वंशाचा प्रश्न अधिक अवघड आहे. कोणाला कुठे बसवायचे हे ठरवताना पूर्वग्रह शिरतो, ही तक्रार कायद्याइतकीच जुनी आहे. कॅलिफोर्नियात ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ खटल्यात १९७९ साली न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना ‘मंदबुद्धी’ वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरण्यास मनाई केली. आजही ‘भावनिक अडचणी’ या शिक्क्याखाली कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण चढे दिसते. हा शिक्का रक्त तपासून बसत नाही, माणसांच्या मतावर बसतो.

न्यूयॉर्क शहराचा ‘डिस्ट्रिक्ट ७५’ हा शालेय जिल्हा सार्वजनिक विशेष शाळांचे सर्वांत मोठे उदाहरण. शहरातले इतर ३२ शालेय जिल्हे भूगोलानुसार आहेत. हा मात्र नकाशावर दाखवता येत नाही. साठेक शाळा, तीनशेहून अधिक ठिकाणी भरणारे वर्ग आणि पंचवीस हजारांच्या आसपास विद्यार्थी असा त्याचा पसारा आहे. एकाच ‘शाळे’चे दोन वर्ग एका प्राथमिक शाळेच्या तळमजल्यावर आणि चार वर्ग मैलभर दूरच्या हायस्कुलात, असे सर्रास असते. वर्गाची ओळख आकड्यांनी होते. ‘६:१:१’ म्हणजे सहा मुले, एक शिक्षक, एक मदतनीस. शिक्षकच काय, पालकही बोलताना हेच आकडे वापरतात.

आता निकालाकडे. २०१५च्या ‘एसा’ (एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट) या सर्वच शाळांना लागू असलेल्या केंद्रीय कायद्यानुसार गंभीर बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना पर्यायी परीक्षा देता येते, पण राज्यातल्या एकूण परीक्षार्थींच्या १ टक्क्याहून अधिक मुलांना नाही. ही मर्यादा राज्याला लागू आहे, एकेका शाळेला नाही, म्हणूनच विशेष शाळेत पर्यायी परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण कितीही मोठे असू शकते. न्यूयॉर्कसह अनेक राज्ये यासाठी ‘डायनॅमिक लर्निंग मॅप्स’ ही परीक्षा घेतात. तिच्यात एकाच संकल्पनेच्या पाच पायऱ्या असतात. सर्वांत खालच्या पायरीवर शिक्षक मुलासमोर वस्तू मांडतो, गोष्ट वाचतो आणि मूल कशाकडे वळते ते टिपतो. बोट दाखवणे, नुसती नजर वळवणे, टॅब्लेटवरचे चित्र दाबून बोलणे, सगळे उत्तर म्हणून चालते. या परीक्षेतला ‘लक्ष्य गाठले’ हा शेरा आणि साध्या परीक्षेतला ‘प्रवीण’ हा शेरा एका रांगेत मांडून शाळांची तुलना करणे म्हणजे किलोमीटरची लिटरशी तुलना.

पदवीधरांचा आकडा तर याहून फसवा. तो नववीत आल्यापासून चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळवणाऱ्यांचा असतो. विशेष शाळेतले मूल २१व्या वर्षापर्यंत शिकू शकते, आणि पर्यायी परीक्षा देणाऱ्याला न्यूयॉर्कमध्ये डिप्लोमाऐवजी कौशल्यांचे प्रमाणपत्र मिळते. दोन्ही बाबतीत मूल ‘पदवीधर नाही’ या रकान्यात जाते. शाळेने सगळे नीट केले तरी आकडा शून्याजवळच राहतो. हजेरीचेही तसेच. वर्षाच्या १० टक्के दिवस गैरहजर राहिलेले मूल ‘सततचे गैरहजर’ ठरते, मग ते दिवस रुग्णालयात गेलेले का असेनात. त्यात इयत्तेची परीक्षा देणारी मुले दहाच असली, तर एका मुलाने निकाल दहा टक्क्यांनी हलतो. इतके लहान गट खासगीपणासाठी झाकलेही जातात, म्हणून तक्त्यात जागोजागी रिकामे रकाने.

खरी प्रगती आयईपीत लिहिलेली असते. ‘पाचपैकी चार वेळा, एकदाच सांगितल्यावर, जाकिटाची चेन स्वतः लावेल’ अशी तिथली उद्दिष्टे असतात. किती प्रगती पुरेशी, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘एंड्रू एफ. विरुद्ध डग्लस काउंटी’ खटल्यात एकमताने दिले. नाममात्र सुधारणा पुरत नाही, त्या मुलाची परिस्थिती पाहता योग्य ठरेल अशी प्रगती साधण्याच्या दृष्टीनेच आराखडा हवा. पण प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे असल्याने त्यांची बेरीज होत नाही, आणि कागद गोपनीय असल्याने जाहीरही होत नाहीत. शाळा सोडल्यावर वर्षभरात किती जण नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला लागले, याची पाहणी राज्यांना ‘आयडिया’खाली करावी लागते. तिचा अहवाल मात्र राज्य किंवा शालेय जिल्ह्याच्या पातळीवरचा असतो, एकेका शाळेचा नसतो.