आपल्याच हाताने गुदगुल्या का होत नाहीत?

तारकर्लीला घोटाभर पाण्यात उभं राहिलं की परतणारी लाट तळव्यांखालची वाळू ओढून नेते आणि चांगली मिशीवाली माणसंसुद्धा खिदळतात. तीच वाळू मुठीत घेऊन स्वतःच्या तळव्यावर चोळली तर ढिम्म काही होत नाही.

‘आपला हात सवयीचा ना!’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर, आणि ते साफ चूक. धाकट्या भावाचा हातही सवयीचाच असतो. तरी त्याचं बोट काखेकडे वळलं की आपण आकसतो.

भानगड आहे लहान मेंदूची, म्हणजे अनुमस्तिष्काची. हाताला ‘हल’ असा हुकूम सुटतो तेव्हा त्याची एक कार्बन कॉपी इकडेही येते. तिच्यावरून स्पर्श कुठे, कधी आणि किती जोराचा होणार याचा अंदाज आधीच बांधला जातो. प्रत्यक्ष स्पर्श अंदाजाशी जुळला की त्याची जाणीव दाबली जाते. लंडनमध्ये साराह-जेन ब्लॅकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८-९९ मध्ये हे फार सुंदर पकडलं. माणसाने डाव्या हाताने दांडा हलवायचा, आणि यंत्रामार्फत स्पंजचा तुकडा त्याच्याच उजव्या तळहातावर फिरायचा. हालचाल आणि स्पर्श एकाच वेळी, तर गुदगुली फिकी. मध्ये ०.१ सेकंदाचा उशीर घातला की ती वाढली, ०.२ ला आणखी वाढली. हात तोच, स्पंज तोच, चुकली ती फक्त वेळ. समुद्राला तर आपला मेंदू हुकूम सोडतच नाही, त्यामुळे कॉपी येणार कुठून?

२००० साली याच गटाने दाखवलं की ज्या रुग्णांना नसलेले आवाज ऐकू येतात, त्यांना स्वतःचा स्पर्शही परक्यासारखाच जाणवतो. ‘हे मीच केलं’ ही खूण त्यांच्यात पुसट होत असावी. आपल्याकडे अशा माणसाच्या कानात देवचार, म्हणजे गावचं भूत, बोलतो म्हणून घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नारळ-कोंबडा जातो आणि औषधाचे महिने वाया जातात. त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं.

गुदगुल्यांना उंदीरही हसतात, पण ५० किलोहर्ट्झच्या आसपास, आपल्या कानांच्या पलीकडे. बर्लिनच्या इशियामा आणि ब्रेश्ट यांनी २०१६ मध्ये त्यांना उंच जागी, प्रखर उजेडात ठेवून गुदगुल्या केल्या. घाबरलेल्या उंदरांचं हसू पार कमी झालं.